शेवटच्या ओळीतले नाव

चिंतामणला नाथाजीची खरी माहिती फारच थोडी होती. सहा वर्षे दोघे एका छपराखाली राबले. पण नाथाजीला भावंडे किती, शिराळ्याकडचे त्याचे गाव नेमके कोणते, त्याच्या घरात देव कोणता पुजतात, हे चिंतामणने कधी विचारले नाही. बायकोचे नाव मनुबाई, हे कळले तेही ती एकदा भाकरी बांधून दुकानात आली म्हणून. एक गोष्ट मात्र त्याला जवळून पाहायला मिळाली. हा माणूस गाणी बांधत असे, आणि पुढे एकदा त्याचे ते बांधणे थांबले. का थांबले, ते चिंतामणइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. आणि चिंतामणलाही ते पुरते उमगले असे म्हणवत नाही.

सांगलीच्या गणपती पेठेत नानासोंची हळदीची अडत होती. मॅट्रिक झाल्यावर त्रेचाळीस साली चिंतामण तिथे कारकून म्हणून लागला. त्याआधी त्याच्या दोन गोष्टी एका साप्ताहिकात छापून आल्या होत्या. तिसरी परत आली. चौथीही आली. पाचवी त्याच्याने पुरीच होईना. दुकानातून घरी गेले की टाक-दौत घेऊन बसायचे, कंदिलाची काच पुसायची, ती पुन्हा पुसायची आणि जेवायला उठायचे, असा त्याचा क्रम पडून गेला होता. विचारले कोणी, तर रॉकेल मिळत नाही म्हणून तो लढाईवर खापर फोडी.

नाथाजी त्या अडतीत पोती शिवायचा. हमालांनी पोते भरावे, काट्यावर चढवावे, उतरवावे, आणि शेवटी ते नाथाजीपुढे आणून उभे करावे. मग तो दाभणात सुतळी ओवून त्याचे तोंड शिवी. वय चाळिशीच्या पलीकडे, हाडपेर दांडगे, आणि अंगावर हळदीचा थर इतका की मिशासुद्धा पिवळ्या. हमाल त्याला ‘नवरदेव’ म्हणत. “नवरदेव, वऱ्हाड कुठवर आलं रं?” असे कोणी ओरडले की तो दातात दाभण धरून नुसता हुं करी.

शिवताना त्याचे ओठ हलत. चिंतामणला वाटे, जप चालला असेल. एकदा वही घेऊन तो जवळून चालला होता, तेव्हा शब्द कानावर आले:

“उसाला आलाय तुरा, सजणा, गुऱ्हाळ कवा लागायचं?”

टाका घालताना अर्धी ओळ, सुतळी ओढताना उरलेली. ओळ जमली नाही की नाथाजी तोच टाका उसवून पुन्हा घाली. चिंतामणला मौज वाटली आणि तो पुढे गेला.

श्रावणातल्या सोमवारी हरिपूरच्या जत्रेत त्याने तीच ओळ ऐकली. दुपारची वेळ होती. हंबीररावाचा तमाशाचा फड उभा होता, ढोलकी घुमत होती, आणि हंबीरराव फेट्याचा शेमला पाठीवर सोडून गात होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते बांधणाऱ्याचे नाव गुंफायची चाल आहे. तिला छाप म्हणतात. या गाण्यात छाप आली ती अशी: “हंबीरराव म्हणे, सजणी.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच चिंतामण पोत्यांपाशी गेला.

“नाथाजी, काल हरिपुरात तुमचं गाणं ऐकलं.”

दाभण थांबला नाही. “आवं पंत, मला ‘तुमी’ म्हनू नका. नानासोंनी ऐकलं तर म्हनतील, ह्येची मजुरी वाढवायची हाय व्हय?”

“उसाचं गाणं तुम्हीच बांधलंय ना?”

“शेवटाला कुनाचं नाव आलं?”

“हंबीररावांचं.”

“मंग हंबीररावचंच की.”

हळूहळू चिंतामणला सगळे कळले. आठवड्याच्या बाजाराला हंबीरराव दुकानात येई, पोत्यांच्या थप्पीवर बैठक मारी आणि नाथाजीने म्हटलेले गाणे दोनदा ऐकून तोंडपाठ करून जाई. कागद कधी लागलाच नाही. दसऱ्याला धोतरजोडी आणि नारळ, एवढे नाथाजीला मिळे. फडाची छाप मात्र एकच, हंबीररावाची. त्यात हंबीररावाला काही वावगे वाटत नव्हते, आणि त्याच्या धंद्यात ते वावगे नव्हतेही. समोरच्या फडाला कळले असते की याने बांधणारा बाहेरून आणलाय, तर भर जत्रेत ‘उसना शाहीर’ म्हणून टिंगल झाली असती.

“पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं बांधता,” चिंतामण एकदा म्हणाला, “सुचतं कसं तुम्हाला?”

“तुमास्नी सोताच्या नावानं सुचत न्हाई, मला दुसऱ्याच्या नावानं सुचतंय. आता सांगा, कुनाचं बरं?”

हमाल हसले. चिंतामणही हसला, पण ते बोलणे त्याच्या जिवाला लागले. त्या संध्याकाळी त्याने काच पुसली नाही, पान लिहिले. मग तसेच होऊ लागले. नाथाजीचे ओठ दिवसभर हलताना पाहिले की घरी याच्या हातूनही काहीबाही उतरायचे. चांगले की वाईट, हा प्रश्न निराळा. पण सहावी, सातवी अशा गोष्टी पुऱ्या झाल्या. छापल्या कोणी नाहीत. तरी चिंतामणला पहिल्यांदाच वाटू लागले की आपल्याला हे जन्मभर करता येईल.

लढाई संपली आणि पलटणीतली माणसे घरी परतू लागली. शेहेचाळीसच्या दिवाळीच्या सुमाराला नाथाजीने एक नवे गाणे बांधायला घेतले. नवरा लढाईवर गेलेल्या बाईचे ते गाणे होते. पहिली ओळ जमली तेव्हा त्याने आपण होऊन चिंतामणला हाक मारली. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

“पंत, ऐका जरा.

गेलास तवा दारचा शेवगा हुता गुडघ्याएवढा,
शेंगा तोडतो शेजारी आता, हात पुरंना एवढा.”

चिंतामणने हातातली वही मिटली. पुढे कडव्यामागून कडवी आली. नवरा परत येतो ते कडवे असे होते: “दारी उभा खाकीवाला, लेकरू म्हनं, ‘ह्यो कोन?’” ते ऐकून ओझे टाकायला आलेला ज्ञानू हमाल पोते पाठीवर घेऊन तसाच उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी हंबीरराव आला. नाथाजीने गाणे म्हटले, आणि शेवटच्या कडव्याच्या अलीकडे थांबला.

“फुडं?” हंबीरराव म्हणाला.

“फुडं छाप हाय.”

“म्हन की मंग.”

“ह्या गान्यात छाप माझी पडंल. न्हाईतर गानं न्हाई.”

हंबीररावाने पानाची चंची उघडली, सुपारी कातरली, पान लावले. मग म्हणाला, “नाथा, गड्या, तुला काय कमी पडलं? धोतर जाड आलं व्हय औंदा?”

“धोतर बेस हाय.”

“फडाची छाप एक असती रं. दोन नावं आली की समोरचा म्हनतो, ह्येंचं दुकान भाड्याच्या मालावर चालतंय. सगळं जग हसंल मला.”

“मला कोन हसत बी न्हाई,” नाथाजी म्हणाला. “माझं नावच कुनाला ठावं न्हाई.”

ते वाक्य तो इतक्या साधेपणाने बोलला की हंबीररावाचा अडकित्ता हातातच राहिला. तो चंचीत टाकून तो म्हणाला, “बरं. म्हसवडच्या जत्रंत घेतो. पर रातच्या खेळात न्हाई. सकाळी हजेरीला.”

रात्रीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फड देवापुढे दोन-चार गाणी म्हणतो, ती हजेरी. तिथे समोरासमोर दुसरा फड नसतो. नाथाजीने मान डोलावली. त्याच्या पिवळ्या कानशिलांवर लाली चढलेली चिंतामणने पाहिली.

आणि मग एक अडचण उभी राहिली. शेवटची ओळ बसेना. वर्षानुवर्षे त्याने ती ‘हंबीरराव म्हणे’ या मापाने बेतली होती. तिथे ‘नाथाजी म्हणे’ घातले की ढोलकीच्या ठेक्यात खड्डा पडे. नाथाजी टाका घाली, पुटपुटे, उसवी.

“‘कवी नाथाजी’ म्हणा की,” चिंतामणने सुचवले.

“छ्या! पोती शिवनारा कवी. हानतील मला.”

“‘दादा नाथाजी’?”

“कुनाचा दादा?”

“नवरदेव नाथाजी!” ज्ञानू लांबून ओरडला.

“तुज्या लग्नात म्हन!”

मोजायला गेले तर ती दोन अक्षरांची बाब. पण त्या पायी त्याने कितीतरी दिवस घालवले. एका दुपारी उन्हात बसून भाकरी खाता खाता तो थांबला आणि म्हणाला, “गडी. गडी नाथाजी म्हणे, सजणी. बसलं. गडीच हाय की मी.” आणि हसला. एवढे मोकळे हसू चिंतामणने त्याच्या तोंडावर पुन्हा पाहिले नाही.

देवदिवाळीला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो. चिंतामणने नानासोंकडे रजा मागितली, विट्यावरून मोटारीने म्हसवड गाठले. नाथाजी मनुबाईला घेऊन आदल्या दिवशीच आला होता. रथावर उधळलेल्या गुलालाने माणसांची डोकी, बैलांची शिंगे, हॉटेलातले बाक, सगळे तांबडे झाले होते. नाथाजीच्या पिवळ्या अंगावर गुलाल बसून तो विचित्रच दिसत होता.

हजेरीला गर्दी चांगली होती. नाथाजी सवयीने फडाच्या मागे जाऊ लागला, तेव्हा चिंतामण म्हणाला, “आज समोर बसू.” नाथाजी कधी समोर बसलाच नव्हता. आजवरची आपली सगळी गाणी त्याने कनातीआडून, वाजवणाऱ्यांच्या पाठी बघत ऐकली होती. दोघे माणसांत मांडी घालून बसले. पुढ्यात खाकी कोट घातलेला, मिशा वळवलेला पलटणीतला एक गडी बसला होता.

हंबीरराव शेवग्याचे गाणे गायला लागला. तो गात होता मात्र जीव ओतून. शेवग्याच्या ओळीला शिट्ट्या पडल्या. ‘लेकरू म्हनं, ह्यो कोन’ या ओळीला मात्र एकही शिट्टी आली नाही. पुढचा खाकी कोट मान खाली घालून बाहीने डोळे पुसत होता.

मग ढोलकीने शेवटाची चाल धरली आणि लोक उठू लागले.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. ढोलकी तशी वाजली की गाणे संपले, हे सगळ्यांना पाठ असते. कोणी घोंगडे झटकले, कोणी मुलाला खांद्यावर घेतले, कोणी मागे वळून “चहा घ्यायचा का रं?” म्हणून ओरडले. छापेची ओळ गाणाऱ्यासाठी असते. ऐकणारा तोवर चपला शोधायला लागलेला असतो. कनातीमागून नाथाजीला हे कधी दिसले नव्हते. हंबीररावाने शब्द पाळला. “गडी नाथाजी म्हणे, सजणी,” त्याने खणखणीत आवाजात म्हटले, आणि परत म्हटले. ऐकले ते चिंतामणने आणि नाथाजीने.

खाकी कोट उठला, नाक शिंकरून मागे वळला आणि नाथाजीलाच म्हणाला, “काय बांधलंय गड्या हंबीररावानं! काळजाला हात घातला.”

चिंतामणला राहवले नाही. “अहो, हे गाणं ह्यांनी बांधलंय. आत्ता नाव घेतलं की, नाथाजी म्हणून.”

त्या माणसाने नाथाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ठिगळाचे धोतर, पिवळे हात, तांबडे डोके. मग त्याला रडता रडता हसू फुटले. “व्हय व्हय. आन मी लाटसाहेब!” नाथाजीच्या पाठीवर थाप मारून तो गर्दीत गेला.

हंबीरराव घाम पुसत आला. “गायलं का न्हाई?”

“गायलंस.”

“दोनदा गायलं.”

“दोनदा.”

“मंग त्वांड का असं?”

“काय न्हाई.”

मनुबाई ओटीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन आली. रथावर उधळलेले खोबरे वेचायला ती गेली होती. “घेतलं का वो तुमचं नाव?” तिने विचारले.

“घेतलं.”

“बरं झालं बया,” ती म्हणाली, आणि तिने चिंतामणच्या हातावर एक तुकडा ठेवला.

सांगलीला परतल्यावर नाथाजी पोती शिवू लागला. ओठ हलत नव्हते. चिंतामणने आठ-पंधरा दिवस वाट पाहिली. हंबीरराव बाजाराला आला, थप्पीवर बसला, पान खाऊन गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा आला. मग येईनासा झाला. कऱ्हाडकडचा कोणी नवा बांधणारा त्याला मिळाल्याचे कळले.

“का हो, सुचत नाही?” चिंतामणने शेवटी विचारले.

नाथाजीने सुतळी दातांनी तोडली. “आदी कसं हुतं पंत, सकाळी पयला टाका घातला की हंबीररावचं नाव आठवायचं. माझं गानं, आन त्येचं नाव. पोटात आग पडायची. आग पडली की गान्याची वळ यायची. आता पडत न्हाई आग. नाव आलं की.”

“पण तो माणूस रडला. तुम्ही पाहिलंत.”

“बघितलं.”

“मग त्याच्यासाठी बांधा.”

“त्यो हंबीररावासाठी रडला.”

मास्तर लोक सांगतात तसे चिंतामणने काहीतरी सांगून पाहिले: रोज ठरलेल्या वेळी बसावे, सुचो न सुचो, एक ओळ तरी करावी, मी रोज एक पान लिहितो, तुम्ही रोज एक ओळ करा. नाथाजीने ऐकून घेतले. “तुमी ल्ह्या,” म्हणाला. “मी हितं रोज बसतोच की. बसून वळ आली असती तर ह्या पोत्यांनी पोथी बांधली असती.”

चिंतामणने पाने लिहायला घेतली. तीन-चार दिवस लिहिली. पण दिवसभर समोर तो मुका दाभण पाहायचा आणि संध्याकाळी टाक उचलायचा, हे त्याला जमेना. त्याला एक गोष्ट तेव्हा कळून चुकली, आणि ती कडू होती. आपण लिहीत होतो ते आपल्या बळावर नव्हे; दुसऱ्याच्या चुलीवर हात शेकत होतो. ती विझली आणि आपलेही हात गारठले. तो परत कंदिलाची काच पुसू लागला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बातमी आली, आणि ती ऐकून चिंतामणला आनंद झाला हे नवल. हंबीरराव शेवग्याचे गाणे गावोगाव गात होता, आणि छाप पुन्हा स्वतःची लावून. चिंतामण धावतच पोत्यांकडे गेला. आता तरी या माणसाच्या पोटात आग पडेल, उद्यापासून ओठ हलतील, आणि मग घरी जाऊन आपणही... असे कितीतरी त्याच्या मनात येऊन गेले.

“नाथाजी, शेवग्याच्या गाण्यात हंबीररावानं स्वतःचं नाव घातलं! ‘गडी नाथाजी’ काढून टाकलं!”

नाथाजीने दाभण पोत्यात खुपसला आणि मान वर केली.

“बसतंय का नीट?” नाथाजीने विचारले.

“काय?”

“त्येचं नाव. ठेक्यात बसतंय का?”

“बसतं,” चिंतामण म्हणाला.

“बसनारच. त्येच्याच मापाची सवय हाताला.” आणि त्याने सुतळी ओढली. “बरं झालं. आपलं तितं जरा उपरंच वाटायचं.”

त्यानंतर चिंतामणने तो विषय काढला नाही. एकदाच, पुढच्या वर्षी, त्याला नाथाजीचे ओठ हलताना दिसले. तो पाय न वाजवता जवळ गेला. नाथाजी टाके मोजत होता.

हळदीच्या धुळीने नाथाजीला खोकला धरला होता. एकोणपन्नासचा हंगाम संपत आला तेव्हा तो गावी गेला आणि पेरणीच्या दिवसांत वारला. मनुबाई त्याचे घोंगडे न्यायला आली तेव्हा ते कळले. चिंतामणने तिला विचारले, शेवटी काही म्हणत होते का, काही गाणे वगैरे? ती म्हणाली, “न्हाई बा. पानी मागायचे.” शेवग्याचे गाणे बरीच वर्षे चालले. पुढे हंबीररावही गेला, फड मोडला, आणि गाणेही गेले. चिंतामणला त्यातल्या तीन-चार ओळी येतात. मधली कडवी येत नाहीत. तेव्हा कागदावर उतरून घ्यावीत हे त्याला, लिहिणारा म्हणवून घेणाऱ्याला, सुचले नव्हते.

नाथाजी गावी निघाला तो दिवस गडबडीचा होता. मिरजेहून माल आला होता, काट्यापाशी रांग होती, आणि चिंतामण वहीत मान घालून बसला होता. नाथाजी घोंगडे दुकानातच ठेवून, पटका गुंडाळून त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा असावा. मग खोकला आणि म्हणाला,

“पंत, सुतळी सपत आलीया. नानासोंस्नी सांगून आनवून ठेवा.”

“सांगतो.”

“दाभन खांबात खोचलाय. ज्ञानूला म्हनावं, हात जपून.”

“बरं,” चिंतामण म्हणाला, आणि त्याने पान उलटले.